मुखडा सुचतो, अंतरा अडतो: गाणी अर्धवट का राहतात आणि लिहिण्याची सवय कशी टिकवायची

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा की दोन-तीन वर्षं गाणी लिहिताय, वही मुखड्यांनी, म्हणजे गाण्याच्या परत परत येणाऱ्या सुरुवातीच्या ओळींनी, भरलीय, पण पूर्ण झालेली गाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच, अंतऱ्याला, म्हणजे पुढच्या कडव्याला, आलं की अडतं, मग महिना महिना वही उघडली जात नाही, आणि म्हणून तुम्ही विचारताय की रोज लिहायची शिस्त कशी लावायची, आधी चाल की आधी शब्द, आणि एखादा कोर्स करावा का. नमुना म्हणून एक मुखडाही दिलाय, 'तुझ्याविना हे जगणे माझे अधुरे अधुरे वाटते'.

मी बरीच वर्षं गीतलेखनाचं काम करतेय, शीर्षकगीतं, नाटकातली गाणी, जिंगल्स, थोडंफार स्वतःच्या समाधानासाठीही. त्यावरून सांगते, तुमची अडचण शिस्तीची आहे असं मला वाटत नाही. जे काम दर वेळी एकाच जागी अडतं त्याकडे परत जायला कुणालाच नको वाटतं, त्यात आळस वगैरे काही नाही. वही उघडली की समोर तेच अर्धं गाणं, म्हणून वही उघडायचीच नाही, असं ते होत जातं. तेव्हा अंतरा का अडतो हे आधी बघूया, सवयीचं नंतर बोलते, कारण पहिलं सुटलं की दुसरं निम्मं तरी सुटतं.

तुमचा मुखडा तालात व्यवस्थित बसतो, पहिली ओळ ('तुझ्याविना हे जगणे माझे') बरोबर १६ मात्रांची आहे (मात्रा कशा मोजायच्या ते पुढे सांगते), म्हणजे कान चांगला आहे हे आधी सांगून टाकते. पण त्या दोन ओळींत सगळं सांगून झालंय. तुझ्याविना जगणं अधुरं आहे, हा गाण्याचा निष्कर्ष झाला, आणि निष्कर्ष पहिल्याच ओळीत आला की अंतऱ्याला कामच उरत नाही. मग आपण काय करतो, दिवस सरत नाही, रात्र सरत नाही, डोळे भरून येतात, म्हणजे तीच गोष्ट दुसऱ्या शब्दात. लिहिताना आपल्यालाच आतून कळत असतं की नवीन काही येत नाहीये, आणि हात थांबतो. तुम्हाला वाटतं सुचत नाहीये. खरं तर सुचायला जागाच ठेवलेली नाही.

मुखडा गाण्यात तीन-चार वेळा परत येतो हे लक्षात घ्या. शब्द तेच, पण प्रत्येक अंतऱ्यानंतर त्यांचा अर्थ थोडा सरकला पाहिजे, तरच ते परत येणं ऐकावंसं वाटतं. म्हणजे मुखड्यात काहीतरी हातचं राखायला हवं. मी भावना मुखड्यात लिहायचं टाळते, तिथे वस्तू ठेवते किंवा एखादी साधी घडलेली गोष्ट, आणि भावना ऐकणाऱ्याने जोडायची.

लिहायच्या आधी मी स्वतःला चार प्रश्न विचारते. कोण बोलतंय, कुणाशी, आत्ता ती व्यक्ती नेमकी कुठे आहे, आणि तिच्या डोळ्यांसमोर काय आहे. मराठीत पहिला प्रश्न फारच महत्त्वाचा कारण आपलं क्रियापदच सांगून टाकतं, 'म्हणतो' की 'म्हणते', 'आलो' की 'आले'. हे ठरवलं नाही तर माणूस नकळत क्रियापदं टाळत टाळत लिहितो आणि गाणं कुणाचंच राहत नाही.

तुमचाच विषय घेऊन करून बघते. कुणीतरी निघून गेलंय, मागे राहिलेली बाई घरात आहे, आणि तिच्यासमोर भिंतीला दाराची जादा किल्ली लटकतेय. पहिल्या झटक्यात ओळ अशी येईल:

दाराची दुसरी किल्ली
अजून खुंटीला आहे

अर्थ ठीक आहे. मात्रा मोजा. ह्रस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन, अनुस्वाराचा स्पष्ट उच्चार असेल तर दोन ('खुंटी'तला खुं), आणि जोडाक्षराच्या आधीच्या अक्षरावर बोलताना आघात येत असेल तर त्याच्याही दोन ('किल्ली'तला कि). तुमच्या 'तुझ्याविना'तल्या तु वर असा आघात येत नाही म्हणून तिथे एकच. या हिशोबाने वरच्या दोन्ही ओळी १४ मात्रांच्या आहेत. केरवा या तालाचं आवर्तन, म्हणजे एक पूर्ण फेरी, ८ मात्रांचं, दोन आवर्तनं १६, म्हणजे १४ मात्रा गायच्या आणि उरलेल्या दोन श्वासाला, छान जमतंय. आता टाळी देत म्हणून बघा. नवव्या मात्रेला पुढच्या आवर्तनाची सम, म्हणजे पहिली, वजनाची मात्रा येते, आणि तिथे पहिल्या ओळीत काय येतंय तर 'दुसरी'तला 'री', दुसऱ्या ओळीत 'खुंटीला'तला 'ला'. सगळं वजन शब्दाच्या शेपटीवर. गाताना ते 'दाराची दुस, री किल्ली' असं तुटणार. संख्या बरोबर असूनही ओळ गळ्यात अडखळते ती बहुतेक वेळा यामुळेच. आता शब्द तेच ठेवून फक्त जागा बदलते:

दुसरी किल्ली दाराची
अजून आहे खुंटीला

आता ८ वर शब्द पूर्ण होतो आणि सम पडते 'दा' वर आणि 'खुं' वर, म्हणजे ज्या शब्दांत चित्र आहे त्यांच्या तोंडावर. एकही शब्द बदललेला नाही. शिवाय क्रियापद शेवटून मध्ये गेलं, त्याचा फायदा पुढे सांगते.

आता अंतरा. इथे भावना वाढवायच्या भानगडीत पडायचं नाही, नवीन माहिती आणायची. एखादा माणूस आणा, एखादी घटना आणा. मी शेजारी आणला:

कुलूप आता बदलूया
म्हणतो रोजच शेजारी
हसून नुसते म्हणते मी
उशीर झाला भेटीला

'म्हणते' आलं आणि बोलणारी बाई आहे हे वेगळं सांगावं लागलं नाही. कुणी गेलंय हे अजूनही म्हटलेलं नाही. पण आता 'दुसरी किल्ली दाराची' परत आली की ती नुसती किल्ली राहत नाही, ती बाई वाट बघतेय हे कळतं. दुसऱ्या अंतऱ्यात अजून एक माहिती द्यायची, समजा असं कळतं की जाणारा माणूस किल्ली विसरला नव्हता, मुद्दाम खुंटीला अडकवून गेला होता, आणि हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मग तोच मुखडा तिसऱ्यांदा आला की वेगळाच लागतो. हा अंतरा मी तुमच्यासाठी सोडतेय, लिहून बघा, मात्रा ८ आणि ६, शेवटची ओळ 'टीला' किंवा 'ठीला'वर संपवा.

यमकाचं आलंच आहे तर थोडं सविस्तर. मराठी वाक्य स्वभावतः क्रियापदावर संपतं, त्यामुळे नवीन लिहिणाऱ्यांची यमकं सगळी 'आली, गेली, झाली' किंवा 'वाटते, सांगते, राहते' अशी होतात. इथे जुळतो तो फक्त प्रत्यय, आणि प्रत्यय तर भाषेतली निम्मी क्रियापदं जुळवून देतील, म्हणून कानाला त्याचं काही अप्रूप वाटत नाही. यातून सुटायचे दोन मार्ग मी वापरते. एक म्हणजे वर केलं तसं शब्दक्रम फिरवून शेवटी नाम आणायचं. दुसरं म्हणजे क्रियापदावरच संपवायचं असेल तर प्रत्ययाच्या आधीचा भागही जुळवायचा, 'वळली, कळली', 'भेटले, पेटले'. 'खुंटीला, भेटीला' हेही तसंच, नुसता 'ला' जुळत नाही, 'टी'ही जुळते. एक सराव म्हणजे प्रवासात वगैरे एक शब्द घ्यायचा आणि त्याची सगळी भावंडं आठवायची, कागदावर नाही उतरवली तरी चालतील. काही महिन्यांनी लिहिताना शब्द आपोआप पुढे यायला लागतात. आणि यमकासाठी अर्थ वाकवायचा मोह झाला तर यमक सोडा, अर्थ सोडू नका. ऐकणाऱ्याला सैल यमक चालतं, पण जी ओळ फक्त यमकासाठी आलीय ती त्याला लगेच कळते.

ओळीच्या शेवटी कुठला स्वर येतोय तेही बघायला शिका. लांब धरायच्या सुराला आ, ओ, ए गायकाला सोयीचे जातात, ई आणि ऊ वरच्या पट्टीत आवळले जातात. 'मन', 'घर' असे शब्द बोलताना व्यंजनावर संपतात, त्यामुळे सूर लांबवायचा तर गायकाला शेवटी अ जोडावा लागतो, ते प्रत्येक वेळी बरं लागतंच असं नाही. वरच्या मुखड्यात पहिली ओळ 'ची' वर आणि दुसरी 'ला' वर संपते, तर संगीतकार ठहराव, म्हणजे लांब धरायचा सूर, बहुधा दुसऱ्या ओळीला देईल. याच कारणाने बरेच जण बोलताना 'माझं, नुसतं' म्हणतात आणि गाण्यात 'माझे, नुसते' लिहितात, ए धरता येतो. माझी यात तक्रार नाही, पण एका गाण्यात 'माझं' आणि 'तुझे' दोन्ही आले की खटकतं. बोलीतलं गाणं हवं असेल तर पूर्ण बोलीत लिहा आणि त्या जागी लांब सूर येणार नाही एवढं बघा.

अजून एक, कविता वाचणारा माणूस मागे जाऊन ओळ परत वाचू शकतो, गाणं ऐकणाऱ्याला ती सोय नसते. म्हणून एका ओळीत एकच गोष्ट. कवितेत शोभणारी तीन विशेषणं गाण्यात कानावरून निघून जातात.

आधी चाल की आधी शब्द, याचं उत्तर खरंच परिस्थितीवर आहे. तुम्ही स्वतः गात असाल किंवा हार्मोनियम, गिटार काही वाजवत असाल तर दोन्ही बरोबर वाढवणं सगळ्यात चांगलं, ओळ गुणगुणत लिहायची. संगीतकाराबरोबर काम करणार असाल तर दोन्ही प्रकार यायलाच हवेत. व्यावसायिक कामात बऱ्याचदा चाल आधी येते, 'ला ला ला' किंवा निरर्थक डमी शब्दांवर रेकॉर्ड केलेली, आणि तुम्हाला तिच्यावर शब्द बसवायचे असतात. तेव्हा मी आधी शब्द शोधत नाही. चाल खूप वेळा ऐकून नुसता आराखडा लिहिते, कुठे लांब सूर, कुठे पटपट येणाऱ्या लहान मात्रा, कुठे श्वास, चालीचा सगळ्यात उंच सूर कुठे. त्या उंच जागेवर गाण्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द यायला हवा, तो आधी ठरवते आणि बाकीची ओळ त्याच्या मागे-पुढे भरते. तुम्ही एकटेच लिहीत असाल आणि वाद्य येत नसेल तर आवडत्या गाण्याची चाल सरावापुरती उसनी घ्या आणि तिच्यावर पूर्ण वेगळ्या विषयाचे शब्द लिहा. हे घरात, फक्त शिकण्यासाठी, कारण चाल दुसऱ्याची आहे आणि ते बाहेर काढायचं नाही. या सरावात दुसऱ्याने मीटर, म्हणजे ओळीचं मात्रांचं माप, कुठे तोडलाय, अंतऱ्यात चाल बदलल्यावर मात्रा कशा बदलल्यात हे जितकं कळतं तितकं नुसतं ऐकून कधीच कळत नाही.

उलटा सरावही करा, जुन्या छंदांत लिहायचा. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत ६, ६, ६, ४ अशी अक्षरं आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक, बस इतकंच. इथे मात्रा नाहीत, अक्षरं मोजायची. शेवटच्या चार अक्षरांत म्हणणं संपवायचं असतं, त्यामुळे काटछाट शिकायला याच्यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही.

आता सवयीचं. नोकरी कसली, घरी लहान मूल आहे का, डोकं सकाळी चालतं की रात्री, यावर वेळ ठरणार, त्यामुळे पहाटे उठाच असलं काही मी सांगणार नाही. पण दोन गोष्टी सगळ्यांना लागू पडतात असं मला दिसलंय.

पहिली ही की गोळा करणं आणि लिहिणं वेगळं ठेवा. गोळा करणं रोजचं, पाच-दहा मिनिटांचं. ऐकलेलं एखादं वाक्य, दिसलेली वस्तू, कुणीतरी वापरलेला वेगळाच शब्द, फोनमध्ये टाकून ठेवायचं, चाल सुचली तर गुणगुणून रेकॉर्ड करायची आणि त्या फाईलला लगेच नाव द्यायचं, नाहीतर नंतर 'रेकॉर्डिंग ४७' मध्ये काय होतं ते कुणाला आठवतंय. यमक, मात्रा, चांगलं-वाईट, काहीही बघायचं नाही. लिहायला बसणं मात्र आठवड्यातून दोनदा का होईना पण ठरलेल्या वेळी, आणि रिकाम्या कागदासमोर न बसता गोळा केलेल्यातलं एक काहीतरी घेऊन. रोज लिहायचंच असा नेम करून चौथ्या दिवशी मोडण्यापेक्षा हे कितीतरी जास्त टिकतं. आणि उठताना पुढची ओळ माहीत असेल अशा ठिकाणी उठा, कागदावर खाली एक वाक्य लिहून ठेवा, 'पुढे शेजाऱ्याचं उत्तर येणार' असं. अडलेल्या जागी उठलात तर परत बसायला मन तयार होत नाही, तुमच्या वहीचं तेच झालंय.

दुसरी, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी, म्हणजे गाणं पूर्ण करा. चांगलं नसेल तरी पूर्ण करा. मुखडे लिहून लिहून माणूस मुखडे लिहिण्यात तरबेज होतो, तुम्ही झालाच आहात. दुसरा अंतरा कसा लिहायचा, शेवटी मुखड्याकडे कसं परतायचं, हे फक्त तिथपर्यंत पोचल्यावरच शिकता येतं, आणि जो दर वेळी पहिल्या अंतऱ्यात सोडतो त्याला ते शिकायची संधीच मिळत नाही. यासाठी बाहेरची तारीख फार उपयोगी पडते. गदिमा आणि सुधीर फडके यांचं गीतरामायण आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून एप्रिल १९५५ पासून साधारण वर्षभर दर आठवड्याला एक नवीन गाणं या पद्धतीने प्रसारित झालं, एकूण ५६ गाणी. ती प्रतिभा वेगळीच, तिच्याशी बरोबरी करायचा प्रश्नच नाही, पण ठरलेल्या वाराला गाणं द्यायचंच आहे ही व्यवस्था आपल्यालाही उचलता येते. एखादा गाणारा मित्र, मैत्रीण पकडा आणि महिन्याच्या ठरलेल्या रविवारी एक पूर्ण गाणं त्यांच्या हातात द्यायचं असं ठरवून टाका. तुमच्यासाठी महिन्याला एक खूप झालं.

दाखवताना 'कसं वाटलं' विचारू नका, सगळे छान म्हणतात. 'गाण्यात काय घडतंय ते सांग' असं विचारा. त्यांनी सांगितलेली गोष्ट तुमच्या डोक्यातल्या गोष्टीशी जुळली नाही तर कुठली ओळ बदलायची ते आपोआप कळेल. आणि त्यांना पहिल्यांदा न सांगता-समजावता गायला लावा. जिथे ते अडखळतील तिथे पेन्सिलने खूण करा, वाद घालू नका, 'अगं तसं नाही, असं म्हणायचंय' म्हणायची वेळ आली म्हणजे ती ओळ कागदावर अजून उतरलेली नाही. लिहिल्यावर आठवडाभर बाजूला ठेवून मग दुरुस्त केलं तर अजून बरं, ताज्या गाण्यात आपल्याला आपली चालच ऐकू येत असते, शब्द ऐकू येत नाहीत.

सुचतच नाही असे आठवडे येतात, मलाही येतात, तेव्हा नवीन लिहू नका, जुन्या गाण्यातली एक कमजोर ओळ काढा आणि तिला दहा पर्याय लिहा. पहिले तीन-चार सगळ्यांना सुचतील असेच येतात, कामाचं नंतर कधीतरी येतं. हे करायला मूड लागत नाही आणि हातही सुटत नाही.

राहिला कोर्स. शब्दांचा कोर्स चांगला असेल तर वाईट नाही, शिकवणारा स्वतः लिहितो का आणि तुमच्या ओळींवर ओळीगणिक बोलतो का एवढं बघून घ्या, नुसती व्याख्यानं असतील तर सोडून द्या. पण एकच काहीतरी करायचं असेल तर मी म्हणेन ताल शिका. तबलावादक व्हायला नाही, फक्त टाळी देत ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, तोंडाने म्हणता येईल इतपत. दादरा ६ मात्रांचा, धा धी ना, धा ती ना, आणि केरवा ८ चा, या दोनांवर सुगम संगीताचा बराच मोठा भाग उभा आहे, नंतर ७ मात्रांचा रूपक घ्या. तोवर वहीतले जुने मुखडे काढा आणि एकेक करून मोबाईलवर ठेका लावून त्यावर नुसते बोलून बघा, गायचं नाही. सम कुठल्या अक्षरावर पडते तिथे खूण करत जा. ज्या मुखड्यात समेवर चित्र असलेला शब्द येतोय आणि ज्याने सगळं सांगून टाकलेलं नाही असे दोन-तीन निघतील, त्यातला एक या महिन्यात पूर्ण करा, आणि किल्लीच्या गाण्याचा दुसरा अंतरा जमला तर इथे खाली टाका, मी वाचून ओळीगणिक सांगेन.